चमचाभर खोकला

ता. ८ मार्च

वन्सं यांस,

सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल, असं लिहायची रीत आहे. पण आम्ही खुशाल नाही, म्हणून ते वाक्य गाळलं आहे. फोनच केला असता, पण मागच्या खेपेला तुम्ही तो मध्येच आपटलात. पत्र आपटलं तरी पुन्हा उचलून वाचता येतं, म्हणून पत्र.

काल तुमच्या दादांचा साखरेचा रिपोर्ट आला. तीन महिन्यांची सरासरी सांगतात ना, ती तपासणी. डिसेंबरात आकडा नऊ होता, तेव्हाच कारखान्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की तो आठाच्या खाली आणा, नाही तर क्रेनवर चढता येणार नाही. एवढ्या उंचावर बसून लोखंडी तुळया उचलणाऱ्या माणसाला घेरी आली तर खालची माणसं मरतील, हे मलाही पटतं. मी आहाराचा तक्ता आणला, भिंतीला चिकटवला आणि त्या दिवसापासून तो डोळ्यांत तेल घालून पाळते आहे. आणि काल आकडा आला साडेनऊ. डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ह्यांना साखरेच्या पोत्यावर बसवून जेवू घालते. आता जूनअखेरीस शेवटची तपासणी. तेव्हाही आठाच्या वर राहिला तर ह्यांना कायमचं खाली उतरवून फाटकावर गाड्यांचे नंबर टिपायला बसवतील. तुम्ही तुमच्या भावाला ओळखता. ती केबिन हातची गेली तर तो माणूस खचेल.

तक्त्यात काय आहे तेही ऐका. डाळी, भाज्या, डब्यात कडधान्य आणि दही, संध्याकाळी बदाम, तेही मोजून. चहा बिनसाखरेचा. गोडाची तलफ आली की आधी पेलाभर पाणी प्यायचं, मग दहा मिनिटं चालून यायचं, तरी राहिली तर दात घासायचे, कारण तोंड स्वच्छ झालं की तलफ निम्मी होते. हे सगळं ते निमूट करतात. डब्याबरोबर ब्रशसुद्धा नेतात. इतका गुणी रोगी आणि तरी साखर वर.

मी धुलाईच्या कारखान्यात कपडे पाण्यात जाण्याआधी खिसे तपासते, हे तुम्ही चारचौघांत हसून सांगता. त्याच हातांनी मी ह्यांचे खिसे रोज तपासते. चॉकलेटचा कागद नाही, बिस्किटाचा चुरा नाही. मात्र दर पंधरवड्याला तुमच्याकडून एक खोकं येतं, तेही घरी नाही, ह्यांच्या कारखान्याच्या पत्त्यावर, हे तिथल्या डाक वाटणाऱ्या बाईंकडून कळलं. ह्यांना विचारलं तर म्हणाले, बहिणीची माया आहे. त्या मायेत काय भरलेलं असतं ते सरळ लिहा. माझ्या पाठीमागे तुम्ही ह्यांना गोड चारता आणि क्रेनवरून खाली ओढता, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

लोभ आहे तेवढा असो.

आपली,
वहिनी


ता. १५ मार्च

सौ. वहिनीस,

सा. न. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. दोनदा वाचलं, कारण एकदा वाचून एवढा उद्धटपणा खरा वाटेना.

खोक्यात औषध असतं. खोकल्याचं. आपल्या नवऱ्याला गेल्या हिवाळ्यापासून खोकला आहे हे आपल्याला माझ्याकडून कळावं, याची मला लाज वाटते. आपल्याला वाटत नसेल. लोखंडाची धूळ वर केबिनपर्यंत चढते आणि त्याच्या घशात बसते. त्याने तसं कळवलं, मी बाबांचं औषध करून पाठवलं. ज्येष्ठमध, आलं आणि बाबांनी ठरवलेलं प्रमाण. आधी एक बाटली जायची, आता चार जातात, यावरून खोकला किती वाढला आहे ते समजून घ्यावं. कारखान्याच्या पत्त्यावर अशासाठी, की घरी आलेलं आमच्याकडचं काहीही आपण नाक मुरडून बाजूला ठेवता.

राहता राहिलं गोडाचं. आमच्या घरात ते कधी शिरलंच नाही. बाबा औषधं विकायचे आणि किडलेले दात रोज बघायचे. गल्लीतली सगळी मुलं गोळ्या चघळायची आणि आम्ही दोघं दुकानाच्या पायरीवर बसून त्यांचे फुगलेले गाल मोजायचो. त्या घरातली मुलगी भावाला चोरून मिठाई पाठवील, हा शोध फक्त आपल्यालाच लागू शकतो.

दोष आपल्या तक्त्यात आहे. बदाम मोजून देता. साखरेच्या डब्याला कुलूप लावलंत असंही कानावर आलं. आमच्या दुकानात कुलूप फक्त विषारी औषधांच्या कपाटाला असतं, आणि त्याची किल्ली एकच. आपण तर स्वयंपाकघराचंच तसलं कपाट करून टाकलंत. धास्तीनेही साखर चढते, हे मी गल्ल्यावर बसून रोज बघते.

मीही काही मजेत नाही. दिवसभर उभं राहायचं, नव्या चपलेने अंगठ्याला घासलं ती जखम महिना होत आला तरी भरत नाही, चष्म्याचा नंबर पुन्हा बदलला. पण मी कुणाला पत्रं लिहून रडत नाही. असल्या आरोपांना उत्तर द्यायला यापुढे सवड होणार नाही.

लोभाची मागणी मी करत नाही.

आपली नणंद


ता. २३ मार्च

वन्सं यांस,

सा. न. वि. वि.

तुम्हाला सवड नाही, म्हणून थोडक्यात लिहिते.

आठवडाभर मी कान देऊन बसले. तुमचे दादा खोकत नाहीत. जेवताना नाही, आंघोळीला नाही, जिना चढताना नाही. झोपेत घोरतात, पण खोकत नाहीत. कारखान्यात येणारा आणि सुटीची घंटा झाली की निघून जाणारा खोकला मी तरी पाहिलेला नाही.

परवा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ मुंग्यांची रांग दिसली. मुंग्यांना आवडेल असं घरात काही उघडं नाही, तेव्हा ह्या कुठे चालल्या म्हणून मागोमाग गेले. रांग बाहेरच्या खोलीत, खुर्चीच्या पायावरून ह्यांच्या डब्याच्या पिशवीत शिरत होती. आत रुमालात गुंडाळलेली तुमच्या दुकानाची बाटली होती, रिकामी, आणि झाकणाभोवती मुंग्यांचा गराडा. पिशवीत चमचा नव्हता. लेबलावर दोन चमचे लिहिलं आहे, पण माझ्या मते ते बाटलीच तोंडाला लावतात आणि मग शहाण्यासारखे दात घासतात.

ती बाटली न धुता या पत्राबरोबर पाठवते आहे. मुंग्या जमतील तेवढ्या झटकल्या आहेत. औषधातलं मला काही कळत नाही, तुम्हाला कळतं, असं तुम्हीच नेहमी सांगता. तर कृपा करून सांगा, यात काय आहे की आमच्या घरातल्या मुंग्यांनाही खोकला झाला?

ह्यांना मी अजून एका शब्दाने बोललेले नाही. बोलले तर ते हे सोडून दुसरं काही शोधतील, आणि त्याचा मला पत्ताही लागणार नाही. बाहेरच्या कुणाला विचारण्याआधी तुम्हाला विचारते आहे, हाच लोभ समजावा.

वहिनी


ता. ३ एप्रिल

सौ. वहिनीस,

सा. न. वि. वि.

आपलं पुडकं तीन दिवस गल्ल्यावर तसंच पडून होतं. आत एखादा नवा अपमान असेल म्हणून उघडलं नाही. चौथ्या दिवशी एका गिऱ्हाइकाने विचारलं की औषधाच्या दुकानात मुंग्या कशा.

लिहायला जड जातं, तरी लिहिते. त्या औषधात साखर आहे. थोडीथोडकी नाही, निम्म्याहून जास्त. मी ती स्वतः तोलते, कढवते, पाक झाला की त्यात काढा ओतते. बाबा गेल्यापासून मीच करते. आणि इतक्या वर्षांत त्या पातेल्यासमोर उभी असताना साखर हा शब्द माझ्या मनात एकदाही आला नाही. आमच्याकडे तो औषधाचा पाक होता, आणि औषध म्हणजे काही खाणं नव्हे. मधुमेहाच्या गोळ्या न्यायला आलेल्या माणसाला मी बजावून सांगते की खोकल्याचं औषध बिनसाखरेचं घ्या. तीच मी भावाला बाटल्या भरून पाठवत राहिले, कारण त्या बाटलीत बाबा होते.

पुढचं आपल्याला कळावं म्हणून सांगते, कीव करावी म्हणून नाही. गोड घरात बंद होतं, पण खोकला आला की बाबा स्वतः चमचा भरायचे, तोंडाशी धरायचे आणि गिळून होईपर्यंत दुसरा हात पाठीवरून फिरवायचे. एरवी ते कुणाच्या पाठीवरून हात फिरवणाऱ्यांतले नव्हते. तेव्हा आम्ही दोघंही खोकायचो. दादा जरा जास्तच रंगवून खोकायचा. त्याने बाटल्या मागवल्या तेव्हा हे मला आठवायला हवं होतं. आठवलं नाही.

म्हणून आपण लगेच जिंकल्याचा डांगोरा पिटू नये. त्याच्याशेजारी राहून आपल्यालाही तीन महिने काही दिसलं नाही, मुंग्यांना दिसलं. औषध एकाएकी बंद केलं तर तो दुसरं काही शोधील, हे आपलं म्हणणं मात्र बरोबर आहे, आणि हे वाक्य लिहिताना मला काय झालं ते जाऊ द्या. पुढच्या खोक्यात मी पाक न घातलेला नुसता काढा पाठवते. ज्येष्ठमधही काढून टाकलं आहे, त्याचाही गोडवा नको. बाटली तीच, लेबल तेच. आपण तोंड बंद ठेवावं, जमलं तर. आणि चार वाजता त्या मोजक्या बदामांच्या जोडीला काही पोटभरीचं देत जा. पोट रिकामं असलं की तलफ आधी गाठते. हा सल्ला मी दुकानात पैसे घेऊनही देत नाही.

आता पुरे. दर दोन ओळींना पाण्यासाठी उठावं लागतं, उन्हाळा यंदा लवकर लागला आहे.

लोभाचं पुढे पाहू.

आपली नणंद


ता. १४ एप्रिल

वन्सं यांस,

सा. न. वि. वि.

तुमची नवी बाटली उघडली गेली असावी, कारण सोमवारपासून घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. ह्यांना तक्रार करायची आहे आणि करता येत नाही. करायची तर खोकला नव्हता हे आधी कबूल करावं लागेल. मग ते मिठावरून भांडतात, टॉवेलावरून भांडतात. काल जेवताना कशाचा काही संबंध नसताना म्हणाले की हल्ली जगात कुठल्याच वस्तूला पूर्वीची चव राहिलेली नाही. मी मान खाली घालून भाजी वाढली.

चार वाजताच्या डब्यात दोन उकडलेली अंडी आणि मूठभर हरभरे देते. डबा चाटूनपुसून परत येतो. सल्ला तुमचा असूनही उपयोगी पडला, असं कधीमधी होतं. तलफ अजून येतेच. परवा संध्याकाळी मी कामावरून आले तर हे रस्त्याच्या कोपऱ्यावर मिठाईच्या दुकानासमोर उभे होते, हात मागे बांधून. मी लांब थांबून पाहिलं. थोड्या वेळाने ते वळले आणि घरी येऊन खळखळून चूळ भरली. त्या वेळी मला त्यांची फार दया आली आणि तुमचा फार राग आला.

तो अजून उतरलेला नाही. जूनअखेरीस आकडा आठाच्या वर गेला, तर कुणाच्या बाटलीने गेला ते मी कारखान्याच्या फाटकावर उभी राहून सांगेन. ह्यांना तिथे बसवतीलच, सोबतही होईल. मामंजींचं नाव घेऊन मला गप्प करता येणार नाही.

तोवर लोभ राखून ठेवला आहे.

वहिनी


ता. २ जुलै

चि. धाकटीस,

अ. उ. आ.

आकडा सात पूर्णांक सहा. डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, चढा वर. मी वर गेलो, केबिनचं दार लावलं, आणि पहिली तुळई उचलायच्या आधी जरा वेळ नुसताच बसून राहिलो. हे तुला सांगायला पत्र लिहितो आहे, आणि तुला शिव्या द्यायलाही.

पहिल्या घोटालाच मला कळलं होतं, आणि पिशवीतली रिकामी बाटली कुठे गेली असेल तेही. मीही त्याच दुकानात वाढलो आहे. घड्याळात किती वाजले यावर ज्यांचं एकमत होत नाही, अशा तुम्ही दोघी माझ्याविरुद्ध एक झालात आणि मला लहान पोराला फसवावं तसं फसवलंत, याचा मला अजून संताप येतो. पण बोलणार कोणाला? खोकला मला नव्हताच. तेव्हाही नव्हता, हे तुला ठाऊक आहे.

वर माणूस एकटा असतो. दुपार कलली की काच तापते, खालून कुणाचा आवाज येत नाही, आणि काहीतरी गोड हवं असं वाटायला लागतं. ते जिभेला नाही, पाठीला वाटतं. तुला हे समजावून सांगायची गरज नाही. आता त्या वेळी मी अंडी खातो आणि पाणी पितो. पाठ काही समजूत घालून घेत नाही, पण तास निघून जातो.

आता माझी पाळी. तू माझ्यापेक्षा चांगलं खोकायचीस, आणि तू ते कधी थांबवलं नाहीस. मागच्या वेळी मी दुकानात बसलो होतो तेव्हा गल्ल्याखालची बाटली एका दुपारीत तीनदा वर आली. मी मागवायच्या कितीतरी आधीपासून तू ते पितेस. हे सगळं मी तुझ्या वहिनीला सांगून टाकलं आहे. फितुरी म्हण, मला चालेल. तुम्ही दोघींनी मला तेच शिकवलंत.

रागावलीस तरी चालेल, पण उत्तर दे.

तुझा,
दादा


ता. ४ जुलै

वन्सं यांस,

सा. न. वि. वि.

ह्यांची क्रेन राहिली. त्याचं श्रेय तुम्हाला देणार नाही, कारण ती घालवायलाही तुम्हीच निघाला होतात.

आता दुसरं. ह्यांनी गल्ल्याखालच्या बाटलीचं सांगितलं, तेव्हा मी तुमची पत्रं पुन्हा काढून वाचली. भांडणाचा भाग सोडून वाचायला वेळ लागला. मार्चात तुमच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती. चष्म्याचा नंबर पुन्हा बदलला होता. एप्रिलात दोन ओळींमागे तहान लागत होती, आणि तुम्ही ती उन्हाळ्यावर ढकललीत. दुसऱ्या कुणी गल्ल्यापुढे उभं राहून हेच सांगितलं असतं तर तुम्ही त्याचं बोट धरून सुई टोचली असती.

साखर बघायचं मशीन तुमच्या मागच्या फळीवर असतं. सकाळी काही न खाता बोट टोचा आणि जो आकडा येईल तो मला लिहा. मोघम लिहू नका, तुमची ती सवय मला माहीत आहे. जखम डॉक्टरला दाखवा. आठवड्यात पत्र आलं नाही तर मी रजा काढून, बॅग घेऊन तुमच्या दारात उभी राहीन, आणि मी आले की लवकर जात नाही, हे तुम्ही सगळ्यांना सांगतच असता.

तुमचं माझं कधी पटलं नाही आणि आता पटेल असंही मला वाटत नाही. पण भांडायला समोर धडधाकट माणूस लागतं.

उत्तराची वाट पाहते. लोभ नंतर.

वहिनी


ता. १२ जुलै

सौ. वहिनीस,

सा. न. वि. वि.

दादाच्या फितुरीचं मी त्याला वेगळं लिहिणार आहे. आपण माझी जुनी पत्रं चाळलीत, तेही मला आवडलेलं नाही.

दोनशे शहाऐंशी. उपाशीपोटी. मशीन बिघडलं असेल म्हणून नव्याचं खोकं फोडलं, त्यानेही तेच सांगितलं. इतक्या माणसांची बोटं मी टोचली, त्यांना धीर दिला, पथ्य सांगितलं, आणि मग गल्ल्याखाली वाकून माझा घोट घेतला. मला फार भीती वाटली, वहिनी. दुकान अर्ध्या दिवसाने बंद केलं.

जखम दाखवली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी उशीर केला असतात तर अंगठा काढावा लागला असता, आता बहुतेक वाचेल. बहुतेक हा शब्द मी गिऱ्हाइकांना रोज देते. स्वतःला ऐकायला तो वाईट लागतो. गोळ्या सुरू झाल्या आहेत, पाय वर करून बसायला सांगितलं आहे, आणि आहाराचा तक्ता कुणाकडून तरी घ्या म्हणाल्या. तेव्हा आपला तो भिंतीवरचा तक्ता उतरवून पाठवा. मोठ्या अक्षरात लिहा. आपलं अक्षर धुलाईच्या पावतीसारखं असतं आणि माझी नजर आता पूर्वीची नाही. बदाम किती, तेही लिहा. मी हसले होते, ते लक्षात आहे.

चार वाजता फार वाईट होतं. परवा मी रिकामा चमचा हातात धरून उभी होते. पाणी प्यायले, दुकानातल्या दुकानात फेऱ्या मारल्या, पाय दुखला, दात घासले. मग बसून रडले. दादाने हे इतके महिने एकट्याने वर बसून काढलं, आणि मी त्याला काढा पाठवून हात झटकले.

तयार बाटल्या ओतून द्यायला हात होईना. बाबांचं प्रमाण मला पाठ आहे, कधीही पुन्हा करता येईल, तरी होईना. म्हणून सगळ्या विषाच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. तसली औषधं आता कुणी मागत नाही, कपाट रिकामंच होतं. किल्ली एकच आहे. ती कागदात गुंडाळून या पाकिटात घातली आहे. दादाकडे देऊ नका, तो मला भुलेल. आपण भुलणार नाही, याची मला पक्की खात्री आहे.

लोभ असावा, आणि मी कितीही गोड बोलून मागितली तरी किल्ली देऊ नये, ही विनंती.

आपली,
नणंद